मैदानाकडे पाठ

फुटबॉलच्या सगळ्यात जास्त मॅचना हजर राहिलेला आणि त्यातली एकही न पाहिलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच होता आणि तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहत होता. तो आंधळा नव्हता, झोपाळू नव्हता आणि फुटबॉलचा वैरी तर मुळीच नव्हता. तो पोलीस हवालदार होता. बंदोबस्तावरच्या पोलिसाने मैदानाकडे पाठ आणि पब्लिककडे तोंड करून उभं राहायचं, असा नियम. बाकीचे पोलीस साहेबांची जीप नजरेआड होईपर्यंत तो पाळत आणि मग हळूच मान वळवून खेळ बघून घेत. आमच्या हवालदारांनी मात्र तो एखाद्या व्रतासारखा पाळला. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. तसं कोल्हापुरातलं प्रत्येक पोरगं पोलिसाला मामाच म्हणतं, पण ते पाठीमागे आणि पळता पळता. यांना आम्ही समोरासमोर म्हणायचो आणि ते बिनतक्रार ‘ओ’ द्यायचे.

दाढी फुटायच्या वयातलं पोरगं जिवंत राहतं ते निव्वळ पोलीस खात्याच्या कृपेने, असं मामांचं ठाम मत होतं. आईबाप त्यात फक्त जेवणखाण बघतात. त्या काळी सायकलवर डबलसीट जाणं गुन्हा होता आणि सिंगल जायची आम्हाला लाज वाटायची. मामा चौकात आडवे यायचे, सायकल थांबवायचे आणि वाकून दोन्ही चाकांची हवा सोडायचे. इथवर सगळे पोलीस सारखेच. पण हवा सोडल्यावर मामांना दया यायची. मग चौकातली वाहतूक देवाच्या हवाली करून ते आमची सायकल स्वतः ढकलत सायकलच्या दुकानापर्यंत यायचे. वाटेत ‘आईचं गुडघं कसं हाईत? इंग्रजीत पास झालास का पुन्हा बोंबललास?’ अशी चौकशी. दुकानात पोचलं की तिथला पंप उचलून घाम गाळत स्वतः हवा भरून द्यायचे. एकदा हवा भरून झाल्यावर मी आणि माझा दोस्त त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा डबलसीट बसलो. मामा पुन्हा आडवे आले. वाकले, हवा सोडली, आणि सुस्कारा टाकून पुन्हा पंपाकडे वळले. शेवटी दुकानदारालाच त्यांची कणव आली आणि त्याने आमच्यातल्या एकाला कान धरून खाली उतरवलं.

पण मामांचं खरं हत्यार म्हणजे त्यांची शिट्टी. काठी होती, पण ती बहुतेक वेळ त्यांच्या काखेत झोपलेली असायची. शिट्टी मात्र लांबलचक आणि शेवटाला वर चढत जाणारी. तिचा अर्थ एकच, जे काय चाललंय ते थांबवा आणि खाली या. रंकाळ्यात आम्ही डुंबायला गेलो की मामा काठावर आमच्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावर ठाण मांडून बसायचे. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, आणि म्हणूनच आमच्यातल्या कुणी बुडी मारली की तो वर येईपर्यंत तेही श्वास धरून बसायचे. फारच झालं की शिट्टी. ‘चड्ड्या पायजेत न्हवं? मग या भाईर!’ त्या एका शिट्टीवर आमच्या पेठेतली सगळी पोरं वाढली. ती ऐकली की पाय डोक्याला न विचारता हलत. झाडावरचा खाली येई, पाण्यातला बाहेर. मामांचा मुलगा दिलीप तर पाळण्यापासून ती ऐकत आलेला, कारण त्याला जेवायला बोलवायलाही मामा तीच वाजवत.

तर असे हे मामा मॅचला आमच्याकडे तोंड करून उभे राहत आणि सगळा खेळ आमच्या तोंडांवर वाचत. मॅच सुटल्यावर खेळाची चर्चा ते आमच्यापेक्षा रंगात येऊन करायचे. ‘पयला गोल ऑफसाईड हुता बघ. त्या टोपीवाल्या पावण्याची भुवई गेलती वर.’ आणि बहुतेक वेळा ते बरोबर असत. एकदा मात्र सपशेल चुकले. मैदानावर एकाएकी असा काही हर्ष उसळला की आमच्या पेठेच्या टीमने गोल मारला असं समजून मामांनी शिस्त सोडून पहिल्या रांगेतल्या एका अनोळखी म्हाताऱ्याचा हात गदागदा हलवला. झालं होतं असं की फाटकातून एक म्हैस आत शिरली होती आणि नेमकी समोरच्या टीमच्या गोलपोस्टमध्ये जाऊन रवंथ करत उभी होती. मामांना हे कळल्यावर ते पार खट्टू झाले. ‘म्हस बघून बी तुमची तोंडं अशीच फुलत्यात व्हय रं? मग माणसानं वळखायचं तरी कसं?’

पुढे दिलीप आमच्या पेठेच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड झाला. काय पळायचा पोरगा! त्याच्या पायात बॉल आला की म्हातारीकोतारीसुद्धा उठून उभी राहत. सगळ्या गावाने त्याचा खेळ पाहिला, फक्त बापाने नाही. फौजदारसाहेबांनी एकदा आपणहून म्हटलं, ‘हवालदार, आजच्या दिवस रजा घ्या, पोराचा खेळ बघा.’ मामा म्हणाले, ‘साहेब, मग मैदानाच्या भिंतीवर चढणारी पोरं कोण बघणार?’ घरी आल्यावर मात्र ते दिलीपच्या ताटासमोर बसून खोदून खोदून विचारायचे. दिलीप घास चावत ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ यापलीकडे जात नसे. मग संध्याकाळी मामा मला कट्ट्यावर गाठत आणि दिलीप कुठल्या पायाने मारतो इथपासून सुरुवात करत.

त्या वर्षी आमची पेठ फायनलला आली. निघताना दिलीप बुटांच्या नाड्या बांधत बापाला म्हणाला, ‘आबा, आज एकदा तरी मागं वळून बघा की.’ मी तिथेच उभा होतो. मामांनी टोपी काढली, परत घातली. ‘बघतो. तू गोल मारायला निघालास की बघतो.’ ‘तुम्हाला कसं कळणार?’ ‘ह्येंची तोंडं हाईत की,’ म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

आदल्या संध्याकाळी वळीव कोसळून गेला होता. मैदानाच्या एका अंगाला जुनी दगडमातीची भिंत होती आणि आम्ही पोरं तिच्यावर खांद्याला खांदा लावून बसलो होतो. मामांनी आम्हाला हुसकून खाली उतरवलं, आम्ही परत चढलो, ते पुन्हा ओरडले, आम्ही पुन्हा चढलो. मॅच संपत आली तरी गोल नव्हता. आणि तेवढ्यात दिलीपला बॉल मिळाला. त्याने दोघांना चकवलं, समोर गोलकीपर तेवढा उरला आणि तोही चिखलात घसरून आडवा झाला. आम्ही भिंतीवर उठून उभे राहिलो आणि ‘दिल्या, दिल्या’ म्हणून नाचू लागलो. मामा आमच्या समोरच होते. त्यांनी आमची तोंडं पाहिली आणि त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. हनुवटी हळूहळू खांद्याकडे वळायला लागली.

आणि थांबली. त्यांची नजर आमच्या पायांखाली गेली होती. भिंतीच्या बुडातले दगड बाहेर सरकत होते. त्यांनी हाक मारली, तोंड उघडलेलं मला दिसलं, पण त्या गलक्यात आवाज कुठला ऐकू येणार? त्यांचा हात शिट्टीकडे गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. शिट्टी वाजली की खेळ थांबतो, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामांनी डोळे मिटले आणि शिट्टी वाजवली. तीच, लांबलचक, वर चढत जाणारी.

आम्ही धडाधड खाली उड्या टाकल्या आणि मग कशासाठी टाकल्या याचा विचार करू लागलो. मैदानात दिलीप पाय उचललेल्या अवस्थेत जागच्या जागी उभा होता. रेफरी ‘मी नाही, मी नाही’ म्हणून हात हलवत होता. गोलकीपर उठला आणि त्याने शांतपणे बॉल उचलला. तेवढ्यात आमच्या पाठीमागे भिंत धाडकन बाहेरच्या बाजूला कोसळली आणि तिला टेकवून ठेवलेल्या आमच्या सायकली चपट्या झाल्या. त्यांची हवा सोडायचं काम उरलं नाही. पोरांतल्या एकालाही खरचटलं नाही. नंतर समोरच्या टीमने गोल मारला आणि आम्ही फायनल हरलो.

पेठेने मामांना वाळीत टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. पेठेची टीम चालवणाऱ्या तालमीचे वस्ताद भर चौकात म्हणाले, ‘भिंत काय, परत बांधता येतीया. गोल कुठनं आणायचा, हवालदार?’ माझी आई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची चरवी घेऊन मामांच्या घरी गेली आणि काही न बोलता उंबऱ्यावर ठेवून आली. पुढे तिचं बघून भिंतीवरच्या इतर पोरांच्या आयाही आल्या. दिलीप बापाशी बोलायचा बंद झाला होता. आठवड्याने मी चरवी परत आणायला गेलो तेव्हा मामा ओसरीवर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, ‘खरं सांग लेका, गोल झाला असता?’

मी म्हटलं, ‘न्हाय मामा, बॉल भाईर चाललेला.’

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्या माणसापुढे तोंड लपवणं कुणाला जमलंय! एवढ्यात आतून दिलीपचा आवाज आला. ‘झाला असता, आबा. पर शिट्टी तुमची हुती. मी पुढं पळणार कसा?’ बऱ्याच दिवसांनी पोरगा बोलला होता. मामा उठून परसात गेले आणि किती तरी वेळ तोंड धूत राहिले.

मामा रिटायर झाल्यावर आम्ही त्यांना मुद्दाम मॅचला नेलं. आता अंगावर वर्दी नव्हती, साहेब नव्हता, नियम नव्हता. दिलीप तेव्हाही खेळत होता. मामांना पहिल्या रांगेत बसवलं. थोडा वेळ त्यांनी मैदानाकडे पाहिलं आणि मग चुळबुळत आमच्याकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, ‘मामा, तिकडं बघा की, दिलीप निघालाय!’ तर म्हणाले, ‘तुम्ही बघा रं. मला हितनं चांगलं दिसतंय.’

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते, आणि सगळ्यात जास्त मॅचला येते. अजूनही तिथे मैदानाकडे पाठ करून एखादा कोवळा पोलीस उभा असतो. त्याला वळून बघायचं असतं, आणि तो वळत नाही. गोल झाला की सगळे मैदानाकडे तोंड करून ओरडतात. मी माझं तोंड त्याच्याकडे करतो, म्हणजे त्याला नीट दिसेल.