बंकटअण्णांनी गाडी काढली

बंकटअण्णांना चहा घेणार का म्हणून विचारलं, तर ते आधी आभाळाकडे बघतात. मग म्हणतात, "बघू." चहा येतो, निवतो, त्यावर साय धरते, आणि कुणीतरी "घ्या की आता" म्हणाल्यावर ते कप उचलतात. माणूस वाईट नाही. सिरसाळ्यात त्यांच्याविषयी वाकडं बोलणारा सापडायचा नाही, मी सोडून. आणि मला तो हक्क आहे. माझी पिठाची गिरणी त्यांच्या दारासमोर आहे, आणि त्यांचं हे 'बघू' मी दळण दळता दळता इतकी वर्षं ऐकत आलो आहे.

अशा माणसानं आयुष्यात एकच गोष्ट झटक्यात केली. तरुणपणी बैलजोडी घ्यायला म्हणून बाजाराला गेले आणि जीप घेऊन आले. सकाळभर बैलांचे दात बघण्यात गेली आणि सौदा काही जमेना. शेजारी एकजण जीप विकायला उभा होता. जीपला दात नव्हते, त्यामुळे काम लवकर झालं. जीप त्यांना लाभली. पोराचं शिक्षण झालं, घर झालं, आणि या सगळ्याचं श्रेय अण्णांनी जीपला दिलं. एक निर्णय बरोबर आलाय, आता दुसरा घेऊन पहिल्याला दृष्ट कशाला लावायची, असा त्यांचा हिशेब असावा.

पण जीप म्हातारी झाली. डावं दार दोरीनं बांधावं लागायचं. उजवीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा, त्यामुळे अण्णा उजवीकडे वळले हे सगळ्या गल्लीला कळायचं. सुरू व्हायला तिला उतार लागायचा, म्हणून ती कायम घरालगतच्या देवळापुढच्या उतारावर उभी असायची आणि तिच्या चाकाखाली दगड असायचा. आता ही गाडी दुरुस्त करून नवी करायची की देऊन टाकून दुसरी घ्यायची, हा प्रश्न अण्णांपुढे उभा राहिला. उभा राहिला तो उभाच राहिला.

परळी रोडवरचे चाँदभाई मिस्त्री दुरुस्तीच्या बाजूचे. त्या जीपचा असा एकही नट नव्हता ज्याला त्यांचा हात लागला नाही. ते म्हणायचे, "अण्णा, इंजिन खोलू, गिअर बदलू, नव्यापेक्षा भारी करू. पत्रा बघा कसला हाय. आजकालच्या गाड्या म्हंजी नुसते डबे." पुण्याहून पोरगा अभिमन्यू फोनवर सांगायचा, "बाबा, भंगारात द्या ती आणि नवी घ्या." अण्णा दोघांनाही "बरोबर हाय तुजं" म्हणायचे.

मग त्यांनी मधला रस्ता शोधला. गाडी विकायचीच, पण गिऱ्हाइकाला बरी दिसावी म्हणून सीटला नवी कव्हरं घातली. कव्हरं घातल्यावर गाडी इतकी छान दिसायला लागली, की विकावीशी वाटेना. ठेवायचीच म्हटल्यावर टायर नवे टाकले. नवे टायर टाकल्यावर इंजिनाचा खोकला जास्तच ऐकू यायला लागला, आणि पुन्हा विकायचं निघालं. "पण नवे टायर टाकून कुणी गाडी विकतं का बे?" असं त्यांनी मलाच विचारलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी म्हणालो, "अण्णा, मग टायर विका अन् गाडी ठेवा." त्यांनी त्यावरही दोन दिवस विचार केला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण या खेळात मंजुळाकाकू अडकल्या होत्या.

मंजुळाकाकू म्हणजे अण्णांच्या बायको. त्यांचं माहेर उमापूरला, पार गेवराईच्या पुढं. तिथं त्यांची आई, ऐंशीच्या पुढची. काकूंना आईकडे जाऊन दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. एसटीनं जायचं तर माजलगावला एक आणि गेवराईला एक गाडी बदलावी लागते. काकूंचे गुडघे दुखतात, तरी त्या गेल्या असत्या. पण अण्णा म्हणायचे, "घरची गाडी दारात असताना एसटीनं कावून जायचं? सोयरे काय म्हणतील?" आणि घरची गाडी काढू म्हटलं, तर म्हणायचे, "ह्या गाडीचा भरवसा न्हाई. जरा ठरू दे." थोडक्यात, अण्णांकडे गाडी नसती तर काकू वर्षातून चारदा माहेरी जाऊन आल्या असत्या. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्या बायका सणावाराला माहेरी जातात, आणि जीपवाल्याची बायको दारात उभी राहून त्यांना वाटेला लावते. हे मी अण्णांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "बघू."

एका सोमवारी काकूंच्या भावजयीचा, सुरेखाचा, उमापूरहून फोन आला. काकू फोन कानाला लावून बाहेर ओट्यावर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. फोन ठेवल्यावर त्या गिरणीत आल्या. अण्णा तिथंच बसलेले, चाँदभाई ज्वारी घेऊन आलेले, आणखी चार माणसं रांगेत. काकूंचा आवाज चढलेला नव्हता.

"आईनं काल सुरेखालाच इचारलं, तू कुणाची गं म्हणून. माणसं इसरायला लागलीय ती. ती मला वळखतीय तवर मला तिकडं न्या. मागून तुमची गाडी सोन्याची झाली, तरी मला काय करायचीय?"

मी पट्टा बंद केला. गिरणीत एकदम शांत झालं. अण्णांनी आभाळाकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि म्हणाले, "ठरलं. गुरुवारी गाडी काढायची."

आता आपल्याकडे गाडी काढणं म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यावर असतं. शोरूममधून नवी आणली, तरी म्हणतात गाडी काढली. जुनी विकून टाकली, तरी गाडी काढली. आणि नुसती दारातून रस्त्यावर आणून कुठं गावाला निघालं, तरी गाडी काढलीच. अण्णा जे बोलले त्यात काही चूक नव्हती. फक्त ते ऐकणारे आम्ही सगळे वेगवेगळे होतो.

चाँदभाईंनी ऐकलं की गाडी विकायची. त्यांचा चेहरा पडला. पीठ घेऊन ते मुकाट्यानं घरी गेले, आणि लेक द्यायचीच तर चांगल्या घरी द्यावी, म्हणून त्यांनी गेवराईच्या बद्रीनाथला फोन लावला. हा बद्रीनाथ जुन्या गाड्या घेतो आणि नीट वापरणाऱ्यालाच देतो, अशी त्याची ख्याती. रांगेतल्या लोकांनी ऐकलं की अण्णा नवी गाडी घेताहेत. ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत पसरली, आणि गाडीचा रंग लाल आहे इथपर्यंत पोहोचली. काकूंनी ऐकलं की गुरुवारी उमापूरला जायचं. त्यांनी बुधवारी दुधात मळून मऊ दशम्या केल्या, कारण आईला दात नाहीत.

गुरुवारी सकाळी मी गिरणी उघडली तेव्हा अण्णांच्या दारात लग्नघरासारखी गर्दी. शेजारचा रामकिसन झेंडूचा हार, नारळ आणि लिंबं घेऊन आलेला. कुणी पेढे आणलेले. "आदी नारायणगडाला दर्शनाला नेनार ना, अण्णा?" असं एकजण विचारत होता. चाँदभाई जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे, डोळे भरलेले. तेवढ्यात बद्रीनाथ आपली गाडी घेऊन आला आणि जीपखाली वाकून बघायला लागला. आणि काकू स्टुलावर पाय देऊन, बांधलेलं दार सोडून, मांडीवर पिशवी घेऊन जीपमध्ये बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं.

"नवी कुठाय?" रामकिसन म्हणाला.

"कसली नवी? ही विकायचीय," चाँदभाई म्हणाले.

"आमी उमापूरला निघालोय," काकू आतून म्हणाल्या.

सगळे अण्णांकडे बघायला लागले. मला राहवेना. मी विचारलं, "अण्णा, काढायची म्हंजी नेमकं काय करायचं?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "काढायची म्हणलो. काय काढायची, ते कुठं ठरलंय अजून?"

"मग गुरुवार कावून सांगितला?"

"गुरुवार तेवढा ठरला होता."

रामकिसन म्हणाला, आणलेला नारळ माघारी नेणं बरं नव्हं. म्हणून त्यानं तो जुन्या जीपपुढेच फोडला. हार घातला. चाकांखाली लिंबं ठेवली. बद्रीनाथ म्हणाला, सुरू तरी करून दाखवा. तशी चाँदभाई चालवायला बसले, चौघांनी मागून रेटली, लिंबं चिरडली, जीप उतारावरून निघाली, उजवीकडे वळली आणि हॉर्न वाजवत देवळाला वळसा घालून परत आली. काकू आतच होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी धरून ठेवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बद्रीनाथनं मान हलवली. "गाडी ब्येस हाय. पर आजच पूजा झालेली गाडी मी न्हाई नेत. लक्ष्मी उचलून नेल्यावाणी व्हतं." चाँदभाईंनी लगेच पेढ्याचा पुडा फोडला आणि स्वतः सगळ्यांना वाटला.

"हे एवढं मिटू दे," अण्णा काकूंना म्हणाले, "मग बघू."

काकू जीपमधून उतरल्या. एक पाय, मग दुसरा, दाराला धरून. त्या बद्रीनाथकडे गेल्या.

"कोणत्या गावचे तुमी?"

"गेवराईचा, मावशी."

"माघारी तिकडंच चाललाव?"

"व्हय."

"जागा हाय?"

बद्रीनाथनं अण्णांकडे बघितलं आणि मुकाट्यानं आपल्या गाडीचं दार उघडलं. अण्णा म्हणाले, "अगं, आपली गाडी दारात असताना..."

"आपली गाडी लई चांगली हाय," काकू म्हणाल्या. "तिला दारातच राहू द्या." त्या बसल्या आणि गेल्या. जीप विकत घ्यायला आलेला माणूस घरधनीण घेऊन गेला, असं गल्लीत लोक अजून सांगतात आणि हसतात. त्या वेळी कुणी हसलं नाही. हातात पेढा धरून सगळे उभे होते.

मी गिरणीला कुलूप लावलं. अण्णांच्या दंडाला धरून त्यांना जीपमध्ये बसवलं, चाँदभाईंना म्हणालो, "चालवा." ते म्हणाले, "कुठं?" मी म्हणालो, "ते इचारू नका, नायतर हे इचार करत बसतील."

आम्ही निघालो. तेलगाव गेलं, माजलगाव गेलं. माजलगावच्या पुढं एका टपरीवर थांबलो, तर चहावाल्यानं हार बघून विचारलं, "नवी घेतली काय?" चाँदभाई छाती फुगवून हो म्हणाले. जीप धावत होती. कुठं तापली नाही, कुठं बंद पडली नाही, उतारावर उभी करायचीही गरज पडली नाही. तेच इंजिन, तोच गिअर. दोन वर्षांपूर्वीही ती अशीच आली असती. मला इतका राग आला होता, की गेवराईपर्यंत मी अण्णांशी एक शब्द बोललो नाही. ते बाहेर बघत होते.

उमापूरला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. घरापुढच्या पडवीत बाजेवर म्हातारी बसलेली. मंजुळाकाकू तिच्याजवळ बसून वाटीत दशमी कुस्करून भरवत होत्या. आम्ही आत आलो तशी म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जावईबापू आले. बसा. सुरेखा, पानी दे गं." तिनं अण्णांना लगेच ओळखलं होतं. सुरेखालाही नाव घेऊन हाक मारली. मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, वेळेत आलो.

अण्णा टोपी काढून समोर बसले. म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जावईबापू, माझ्या मंजुळीला कावून न्हाई आणलं?"

अण्णांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "मामी, ही काय. तुमच्याजवळच बसलीय न्हव का."

"ही?" म्हातारीनं काकूंच्या हातावर हात ठेवला. "ही लई मायाळू हाय. मघाधरनं घास भरवतीय. पर ही म्हातारी हाय, बापू. माझी मंजुळी केवढीशी हाय."

काकूंनी मान वर केली नाही. चाँदभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"दारात गाडीचा आवाज आला. मला वाटलं, आली," म्हातारी म्हणाली. "तुमची घरची गाडी हाय न्हवं? मंग आणा की तिला एकदा."

"आणतो," अण्णा लगेच म्हणाले.

काकूंनी आईचं तोंड पदरानं पुसलं आणि पुढची दशमी दुधात कुस्करायला घेतली.