आधी माती दाखवा

डॉक्टरकडे जाताना माणूस रिपोर्ट घेऊन जातो, तसं बाईंकडे जाताना माती घेऊन जावं लागे. पिशवीत न्या, डब्यात न्या, रुमालात बांधून न्या, पण माती हवीच. विश्रांतवाडीच्या पुढे रस्त्यालगत त्यांचं आवार होतं. तिथे भराव दाबायची यंत्रं भाड्याने मिळत. फाटकावर पाटी होती : 'आधी माती दाखवा, मग मशीन मागा.' आणि खाली बारीक अक्षरांत : 'घाई असल्यास पुढे दुकाने आहेत.' पुढे खरंच दुकानं होती आणि घाईतली माणसं खरंच पुढे जात. बाईंना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे.

बाई मूळच्या येरवड्यातल्या. सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर म्हणून त्यांची सगळी नोकरी माती तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, आता विपश्यनेला चल. बाई गेल्या, दहा दिवस तोंड मिटून बसल्या आणि येताना वाटेत एक जुना रोलर बघून आल्या. 'मन शांत झालं, तेव्हाच सुचलं,' असं सांगायच्या. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत स्पोर्ट्स शूज. पहिल्यांदा बघणारा हमखास हसायचा आणि दोन मिनिटांत हसायचा थांबायचा.

एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ मोठ्या गाडीतून उतरले. त्यांना सगळ्यात जड रोलर हवा होता. बाईंनी माती मागितली. ते म्हणाले, "अहो, माती कशाला? मी सगळं ठरवूनच आलोय."

"एवढं सगळं ठरवूनच यायचं होतं, तर माझ्याकडे कशाला आलात?" बाईंनी शांतपणे विचारलं आणि चहाचा कप उचलला. गृहस्थ गाडीत बसून पुढच्या दुकानात गेले.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा माझी अवस्था त्या गृहस्थांपेक्षा वेगळी नव्हती, फक्त गाडी नव्हती. चांगली नोकरी सोडून मी स्वतः बांधकामं घ्यायला लागले होते. घरच्यांनी तोंडं फुगवली होती. एक काम करून बघ, नाही जमलं तर मुकाट्याने नोकरी धर, असं ठरलं होतं. ते एक काम म्हणजे धानोरीच्या गावठाणातल्या आबांचं घर. आबांच्या जुन्या घराची जमीन खचली होती आणि तिथेच ठेचकाळून त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. आता काकू वॉकरवर. नव्या घराला काय पाहिजे, असं विचारलं, तर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "पोरी, जिमीन तेवढी सपाट ऱ्हाऊ दे." ती जमीन परत खचली असती, तर काकूही पडल्या असत्या आणि मीही.

जोत्याच्या भरावासाठी घेतलेल्या मातीची माझी पिशवी बाईंनी उघडली. चिमूटभर माती बोटांत चोळली, मग मूठ भरून तिचा लाडू वळला. हळूच दाबून फोडला.

"काय म्हणून आणलंस हे?"

"मुरूम."

"मुरमाच्या नावाखाली तुला माती विकलीय. चिकट आहे. मशीन कुठलं हवंय?"

मी प्लेट म्हणाले. ते सपाट, थरथरणारं यंत्र मी सगळीकडे पाहिलं होतं.

"प्लेट याच्यावर नुसती इस्त्री फिरवेल गं. वरून छान दिसेल, आत पोकळ. खडीला, वाळूला प्लेट ठीक. चिकट मातीला बडवणारा रॅमर लागतो. वीतभर थर टाकायचा, बडवायचा, मग दुसरा."

आबांना हे अजिबात पटलं नाही. "एवढुसं मशीन? रोलर आना की! गावाला दिसाय नको व्हय काम चाललंय ते?" शेजारी चुलत्याची जुनी दगडी भिंत होती. रोलरच्या हादऱ्याने ती खाली आली असती आणि तिच्याबरोबर भाऊबंदकीही आली असती, हे सांगितलं, तेव्हा कुठे आबांनी रोलरचा नाद सोडला. पण रॅमरवर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच.

म्हणून मग त्यांनी मला मदत करायचं ठरवलं! निम्मे थर झाले होते. सकाळी येऊन बघते, तर जोत्यात तळं. आबांनी बोअरची नळी आत सोडून दिली होती आणि कमरेवर हात ठेवून प्रसन्न चेहऱ्याने उभे होते. "पानी पाजलं, आता बसतीया बघा माती. आमच्यात समदी घरं अशीच बांधल्याती." रॅमर उतरवला, तर तो घोटाभर चिखलात रुतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं, म्हटलं. धरा आता मुकाट्याने नोकरी!

बाईंना फोन केला. त्या रिक्षाने आल्या. मला वाटलं, आता आबांची बिनपाण्याने होणार. पण बाई काकूंशेजारी बाजेवर बसल्या, चहा मागून घेतला आणि म्हणाल्या, "आबा, शेती किती वर्षं केलीत?"

"जलमभर."

"पाऊस पडला, की लगेच रानात नांगर घालत होता?"

"छ्या! वरचं पानी जिरून वाफसा याया नको व्हय? वाफसा आल्याबिगर रानात पाय ठेवत न्हाई आमी."

"मग माझं मशीन बिनवाफशाच्या मातीत कसं घालू?"

आबांनी जोत्याकडे बघितलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजी ह्येलाबी वाफसा लागतो?"

"लागतो. आमच्या पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. तुमचं नाव जास्त चांगलं आहे."

त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रडून त्यात आणखी पाणी घालू नकोस. चिखल उपस, उन्हात पसर. मशीन मी नेते. वाफसा कधी आला ते आबा सांगतील." आणि खरंच, रोज सकाळी आबा माती मुठीत दाबून, लाडू वळून, फोडून बघायला लागले. काम आता त्यांचं झालं होतं. एके दिवशी मला त्यांचा फोन आला, "ताई, आज वाफसा हाय. मशीन घेऊन या." त्या दिवसापासून रॅमर चालवणाऱ्यामागे आबाच उभे राहायचे आणि कुणी थर जाड टाकला की खवळायचे.

फरशी बसल्यावर बाई बघायला आल्या. शूज काढून अनवाणी चालल्या, पण खोलीच्या मधून नव्हे, भिंतीच्या कडेकडेने. "कोपऱ्यात काय केलंस ते दाखव. मधे सगळेच चांगलं करतात." चारही कोपऱ्यांत टाच आपटून झाली. शाबास वगैरे म्हणायची त्यांना सवय नव्हती. "बरंय," म्हणाल्या आणि काकूंना हाक मारली. काकू वॉकर टेकवत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या आणि परत आल्या. खाली न बघता.

नोकरी मला परत धरावी लागली नाही. आज माझं जे काही आहे, ते त्या फरशीवर उभं आहे, आणि ती फरशी बाईंमुळे. हे त्यांना तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी मला फाटकाबाहेर काढलं असतं, म्हणून इथे सांगते. बाई मागच्या वर्षी गेल्या. आवार त्याआधीच बंद झालं होतं, अर्धांगाचा झटका आल्यावर.

शेवटची भेट त्यांच्या येरवड्याच्या घरी झाली. आबांना शेजारी मुलीसाठी घर बांधायचं होतं आणि काम मलाच मिळालं होतं. मी सवयीने मातीची पिशवी घेऊन गेले. बाईंनी उजव्या हाताने माती उचलली, मूठ मिटली आणि बोटांनी चोळून बघितली.

"हाताला काही कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "तू बघ."

मी त्यांच्या मुठीतली माती माझ्या हातात घेतली. लाडू वळला, फोडला. "चिकट आहे. ओल थोडी जास्त आहे, एक ऊन द्यावं लागेल. थर वीतभर. रॅमरच लावते. आणि कोपरे आधी."

बाईंनी माझ्याकडे नीट, सावकाश बघितलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे अगदी फाटकावरच्या पाटीसारखे, जुनेच.

"एवढं सगळं ठरवूनच यायचं होतं," त्या म्हणाल्या, "तर माझ्याकडे कशाला आलीस?"