काचेवरचं कुंकू

सन दोन हजार वीस. मला एकाहत्तरावं चालू होतं, हिला पासष्टावं. फेब्रुवारीत आम्ही दोन महिन्यांसाठी मुलाकडं नेदरलँड्सला आलो, नीउ-व्हेनेपला. मग विमानं बंद झाली आणि दिवाळीही तिथंच आली.

हिचा धाकटा भाऊ तिथनं शे-सव्वाशे किलोमीटरवर नायमेखनला होता. चिपच्या कंपनीत इंजिनियर. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. कॅन्सर शेवटाला आलेला, त्यात हा कोरोना. घरात कुणाला घ्यायचं नाही, असं डॉक्टरनं सांगून ठेवलेलं. ही म्हणाली, "बाहेर उभी राहीन, पण या भाऊबीजेला त्याला ओवाळणार. पुढच्या भाऊबीजेचं मला कुणी सांगू नका."

"आई, व्हिडिओ कॉलवर ओवाळ ना. सगळे तसंच करतायत," मुलगा म्हणाला.

"तुझ्या फोनला ओवाळू होय रे?"

ट्रेननं गेलो तर वाटेतला आजार त्याच्या दारात न्यायचो. मुलाकडं कार नव्हती. हौसेची मोटरसायकल होती. मी म्हणालो, मी नेतो. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण उभा जन्म मोटरसायकलला भांड्यांची पोती बांधून आठवडी बाजार केलेत. परदेशात चालणारा परवाना येताना काढून आणला होता. तेव्हा हसले होते सगळे.

"बाबा, थंडी किती आहे! वय बघा जरा."

"वय गाडीचं बघतात."

"आणि आई एका बाजूला बसली तर पोलीस धरतील. दोन्हीकडं पाय टाकून बसावं लागतं."

इथं मात्र मी अडलो. लग्नापासून ही माझ्यामागं एका बाजूलाच बसलेली. सुनेनं पँट पुढं केली, हिनं हात लावला नाही. भावाला ओवाळायला पँट घालून जायचं? आत गेली आणि नऊवारी लुगडं नेसून आली. गुढीपाडव्याला नेसायला म्हणून आणलेलं, तसंच पडून होतं. "कासोटा घातला की बाई घोड्यावर बसते, ही तर मोटरसायकल," म्हणाली. वरून सुनेचा रेनकोट, डोक्याला हेल्मेट. पिशवीत ताट, निरांजन, कुंकवाची पुडी.

हायवेचा वारा हिला सोसला नसता, म्हणून खेड्यापाड्यांतनं गेलो. बांधाच्या खालून रस्ता, आणि बांधापलीकडं पाणी आमच्यापेक्षा उंच.

"अहो, पाणी डोक्याच्या वर आहे!"

"असू दे. धरून बस."

हॉटेलं सगळी बंद. चहा नाही, बाईमाणसाला बाथरूम नाही. पेट्रोल पंपावर सोय झाली. एका चर्चच्या आडोशाला करंज्या खाल्ल्या, तोंडातनं वाफा निघत होत्या. रस्त्याकडेला भोपळे मांडलेले, शेजारी पैशाचा डबा, आणि माणूस कुणी नाही. मी जन्मभर ओरडून माल विकलेला. हा बाजार मुकाच. फोनमधली बाई वळा म्हणाली तिथं मी वळलो नाही, त्यामुळं नदीकाठानं भलताच फेरा पडला. पोचलो तेव्हा अंधारत होतं.

मेव्हण्याचं घर तळमजल्याला. तो काचेमागं खुर्चीत येऊन बसला. टोपी घातलेला, लहान पोरासारखा दिसत होता. हिनं हेल्मेट काढलं, डोक्यावर पदर घेतला, त्याचं कपाळ जिथं दिसत होतं तिथं काचेवर कुंकू लावलं, आणि निरांजन पेटवलं. वाऱ्यानं लगेच गेलं. पुन्हा पेटवलं, पुन्हा गेलं. दिवा विझला म्हणायचं नसतं. "शांत झाला," ही हळूच म्हणाली, आणि पुन्हा काडी ओढली.

मी लावून ठेवलेल्या फोनवर तो म्हणाला, "ताई, पोचलं सगळं. थंडीत थांबू नकोस."

"तू गप बस. अजून ओवाळलं नाही."

मी काड्यापेटी तिच्या हातातनं घेतली. गाडी ढकलत काचेसमोर आणली, चालू केली, आणि हँडल सावकाश डावीकडं, उजवीकडं फिरवलं. दिव्याचा झोत त्याच्या तोंडावरनं गेला, परत आला. ही रिकामं ताट धरून त्या उजेडात ओवाळू लागली.

"दाजी, डोळे दिपले!" फोनमधनं त्याचा आवाज. "एवढी मोठी वात कुणी लावली नव्हती मला." मग हसता हसता खोकत राहिला. तेवढं हसतानाच आम्ही त्याला शेवटचं पाहिलं. नाताळाच्या आधी तो गेला. अंत्यविधीला नेम असा की माणसं मोजकीच. आम्ही नव्हतो.

त्या संध्याकाळी मी गाडी बंद केली तशी काच काळी झाली. त्यानं आतून पडदा ओढला. राहायची लॉजं तेवढी चालू होती, जवळच्या एकावर आम्ही मुक्काम केला. पाऊस लागला होता. अंधारात ही म्हणाली, "कुंकू धुऊन जाईल हो." मी म्हणालो, झोप.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही झोपेत असताना मी तिच्या पिशवीतली पुडी घेतली आणि चालत त्याच्या घरी गेलो. पडदा ओढलेलाच होता. काचेवर एक तांबडा ओघळ तेवढा उरलेला. रुमालानं काच कोरडी केली, बोट पुडीत बुडवलं, आणि तो उठून पडदा सारील तेव्हा त्याला दिसावं म्हणून त्याच जागी लावलं.