दारच्या वेलाचे सरबत

ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातल्या आमच्या गावात आदाउतो सुतारांनी घडवलेले दार कधी कुरकुरत नाही. त्यांच्या हातून चूक झाली ती एकदाच, बायकोसाठी मांडव घालताना.

झेनाइदे वीस वर्षे मळेवाल्यांकडे कामाला होती. दुपारी पॅशनफ्रूटची फुले उमलली की बायका बोटांनी पराग लावत फिरतात, तेच तिचे काम. स्वतःचा वेल नव्हता. आजारी पडल्यावर तो लावला आणि आदाउतोंनी घाईने पुढच्या दारासमोर उंबुरानाच्या मऊ लाकडाचा मांडव उभारला. वर्षाने इस्पितळाने तिला कायमची घरी पाठवली. ती एवढेच म्हणाली, "म्हाताऱ्या, आपल्या दारच्या वेलाचं पेलाभर सरबत पिऊन जाईन म्हणते."

तोवर त्या लाकडात काळ्या भुंग्यांनी घरे केली होती. खाली खुर्चीत बसलेल्या झेनाइदेच्या केसांत भुसा पडायचा.

"बाबा, तुळई आईच्या डोक्यात बसेल एक दिवस," मुलगी क्लेओनिसे म्हणाली. "आणि सुताराच्या घरी भुंगे सुतारकी करतात म्हणून गाव हसतंय ते वेगळंच."

ते त्यांना लागले. संध्याकाळी भुंगे परतल्यावर त्यांनी प्रत्येक भोकात रॉकेलची चिंधी कोंबली आणि वर कठीण लाकडाची खुंटी ठोकली.

सकाळी झेनाइदेने वर पाहिले. "कोण घुमतंय?"

"वारा असेल."

"लाकडात शिरलेला वारा?"

दुपारपर्यंत आवाज थांबला.

मग वेल फुलला. फुले उमलायची, मिटायची, गळायची. पराग वाहायला भुंगे उरले नव्हते; एक फळ धरेना. झेनाइदेचा डोळा लागला की आदाउतो शिडीवर चढून एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावू लागले. तरी फुले गळतच राहिली. असे तीन आठवडे गेले. आता तिला धरून बसवावे लागे.

एके दुपारी ती डोळे मिटूनच बोलली, "उतर खाली. हा वेल स्वतःचा पराग घेत नाही. ओढ्यापलीकडे नाईरचा वेल आहे, त्याचा आण."

"तुला सगळं ठाऊक होतं?"

"तू भुंगे कोंडलेस तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, विचारशील."

आदाउतो पराग आणायला रिकामी काडेपेटी घेऊन नाईरबाईंकडे गेले.

"काय सुतारमामा, आता तुम्हीच भुंगा झालात?"

"झालो," ते म्हणाले.

पाच फळे धरली. पण ती पिकायला दोन महिने लागतात आणि सव्वा महिन्यातच झेनाइदेचे अन्न सुटले. आदाउतोंनी एक हिरवे फळ कापून पाहिले. आत नुसती पांढरी जाड साल, रस नाही. ते पुन्हा ओढा ओलांडून गेले. सरबत घेऊन परतले तेव्हा मी, त्यांचा शेजारी, तिच्या उशाशी होतो. आता ते हे आपल्याच वेलाचे म्हणून सांगतात की काय, याची मला धास्ती होती.

त्यांनी चमचा तिच्या ओठांना लावला. "नाईरच्या वेलाचं आहे. आपली अजून हिरवी आहेत."

तिने दोन चमचे घेतले. "आपली आंबट निघाली असती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. ही फळे पिकली की आपोआप गळतात. पुढच्या महिन्यात राहिलेली चारही एकेक करून मांडवाखाली पडली. क्लेओनिसेने ती उचलून मला दिली. आदाउतो त्या दिवसांत मागच्या दाराने ये-जा करत होते.