एकाच आमेनवर

सुकट भाजल्याचा वास आला की मला दिल्लीतल्या सरोजिनी नगरातलं एका नर्सबाईंचं क्वार्टर आठवतं. नववीत शाळा सोडून मी घरापासून इतक्या लांब, दिल्लीजवळच्या मानेसरच्या नव्या कारखान्यात लागलो होतो, आणि जेवणाआधीची प्रार्थना माझ्याच्यानं पुरी होत नव्हती. मध्येच देवाबद्दल घाणेरडा विचार यायचा, मग प्रार्थना विटाळली असं वाटून मी पहिल्यापासून सुरू करायचो. कँटीनची सुट्टी त्यातच संपायची आणि ताट तसंच परत जायचं. एका रविवारी चर्च सुटल्यावर आमच्याच नगर जिल्ह्यातल्या या बाईंनी मला जेवायला नेलं. "खिडकी लाव रे, वरच्या भाभीजी वासानं पुन्हा बोंबलतील," म्हणत त्यांनी वाढलं. मी डोळे मिटले ते उघडेनात, ओठ पुन्हा पुन्हा तेच पुटपुटत राहिले. "कितव्यांदा चालू आहे?" त्यांनी विचारलं. "सहाव्यांदा, मावशी. नीट नाही झाली तर पाप लागेल ना." "पाप नाही बाळा, आजार आहे हा. आमच्या ओपीडीत असे पुष्कळ येतात, मी डॉक्टरांशी बोलते. आज प्रार्थना मी करते, तू नुसतं आमेन म्हण. मग मनात काहीही येऊ दे, घास थांबवायचा नाही." आमेन म्हणताक्षणी तो विचार आलाच. तरी मी घास तोंडात घातला. मावशी म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे ना?" मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पुढे गोळ्यांनी ते विचार कमी झाले, पुरते गेले नाहीत. पण आता ते आले तरी मी जेवत राहतो.