दळून गेलेली खापरी

माझी थोरली बहीण सेफेरिना पन्नास वर्षं घागरी करते आहे. चाकावर एकही केली नाही. आमच्या पुएब्लोत, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या गावात, कुणीच चाक वापरत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक बसवायच्या, बोटाने सांधे मिटवायचे, मग भोपळ्याच्या वाळक्या कवचाच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडायचं. तिच्या घागरीची भिंत इतकी पातळ, की पहिल्यांदा उचलणारा जास्तच जोर लावतो आणि दचकतो.

तिची खरी ओळख रेषांची. पांढऱ्या अंगावर काळ्या, केसाएवढ्या बारीक, दुरून पावसाच्या सरी दिसतात तशा. युक्का या वाळवंटी झुडपाच्या पानाचं टोक दातांनी चावून ती कुंचला करते. श्वास धरायचा, रेष ओढायची, श्वास सोडायचा. एका घागरीवर हजारभर. हे ती आईकडून शिकली, आई तिच्या आईकडून.

मी रेल्वेच्या रुळांवर बत्तीस वर्षं काम केलं. घरी बसलो तसं तिने मला दळायला बसवलं. आमची माती नुसती भाजली तर तडकते. तिच्यात जुन्या फुटक्या भांड्यांची पूड घालावी लागते. खापऱ्या ठेचायच्या, पाट्यावर वाटायच्या, फडक्यातून तीनदा गाळायच्या. एक कण राहिला तर भाजताना तिथे खड्डा पडतो. रुळाखालच्या खडीचंही असंच असतं, कुचराई केली की गाडी सांगते. माझी पूड सेफेरिनाने एकदाही परत केलेली नाही. तिने कौतुकही केलेलं नाही.

त्र्याहत्तराव्या वर्षी तिचा उजवा हात थरथर कापायला लागला. आधी कॉफी सांडायची. मग रेषा बिघडल्या. त्या हिवाळ्यात तिने तीन घागरी रंगवल्या आणि तिन्ही भाजण्याआधीच खरवडून टाकल्या.

सप्टेंबरच्या सणाला, टेकडीवरच्या जुन्या गावात, आमच्या आईच्या घरी दाराशी नवी घागर ठेवतात. घरच्या बाईच्या हातची. आईनंतर ती सेफेरिनाची. वसंतात ती म्हणाली, "यंदाची जमली तर जमली. नाही तर कुंचला धुऊन ठेवते."

ती धमक्या देणारी बाई नाही. म्हणून मला झोप लागेना.

तिची मुलगी मार्ला अल्बुकर्क शहरातून आली. म्हणाली, "आई, रेषा मी मारते. तू शेजारी बसून ओरड."

"ओरडायला मला घागर लागत नाही."

शेजारच्या लोलिता मावशी चुलीपाशी भाकर खात होत्या. त्या म्हणाल्या, "साच्यातली आण की. पुष्कळजणी आणतात. दाराशी तर ठेवायची. उलटी करून बूड कोण बघतंय?"

"मी बघेन," सेफेरिना म्हणाली.

जूनमध्ये वारं सुटलं आणि ओढ्याकाठची वाळू उडाली. तिथे तिला एक खापरी सापडली, तळहाताएवढी. कुणा बाईची, कधीची, कोण सांगणार. तिच्यावर बारीक रेषा होत्या आणि सगळ्या थरथरत्या.

"बघ," ती मला म्हणाली. "हिचा पण हात कापत होता."

"पाण्याच्या लाटा काढायच्या असतील तिला."

"तुला रुळांतलं कळतं, तेवढंच बोल. ही पहिली सरळ ओढायला गेली, निसटली. दुसरी पण निसटली. तिसरीपासून मात्र तिने मुद्दाम थरथरती ओढली आहे. प्रत्येक लाट आधीच्या लाटेत बसते आहे."

ती बराच वेळ खापरी उन्हात फिरवत राहिली. घागर रंगवायला घेईन तेव्हा हीच समोर ठेवीन, म्हणाली. खूप दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला. मग खापरी पाट्याच्या कडेला ठेवून ती आत गेली. पाट्यापाशी उजेड चांगला असतो.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच दळायला बसलो. टोपलीतल्या खापऱ्या ठेचल्या. पाट्यावर होती ती पण ठेचली. पाट्यावरची वस्तू दळायचीच असते. वाटून, तीनदा गाळून झाल्यावर सेफेरिना बाहेर आली.

"माझी खापरी कुठे?"

मी पुडीकडे बघितलं. तिनेही बघितलं.

"तीनदा गाळलीस?"

"तीनदा."

ती आत गेली. त्या दिवशी कॉफी एकाच कपाची झाली.

मी चार दिवस ओढा पालथा घातला. गुडघे टेकून, हातभर हातभर. सत्तावीस खापऱ्या आणल्या. तिच्या जोडीची एकही नव्हती. पाचव्या दिवशी सेफेरिना म्हणाली, "पुरे कर. ती पूड मळायला घे."

"ती बाजूला ठेवू. वाया जाईल."

"वाया कशी जाईल? खापरीचं कामच ते."

मी माती मळली. इतकी मी कधी मळली नसेल. तिने घागर उभी केली, खरवडली, पांढऱ्या मातीचा हात दिला, आईच्या दगडाने घोटली. ऑगस्टमध्ये ती रंगवायला बसली. मी दाराशी बसलो. हाकललं नाही, म्हणून बसून राहिलो.

पहिली रेष निसटली. दुसरीही. तिने कुंचला उचलून धरला. शेजारी खरवडायचं पातं होतं. तिने तिकडे बघितलं. मग तिसरी रेष दुसरीच्या लाटेला धरून खाली आणली. चौथी तिसरीला.

"तिची तिसरी अशी नव्हती," ती म्हणाली.

"कशी होती?"

"आठवत नाही. आता ही आहे."

अकरा दिवस लागले. दोन रेषांमधली जागा कुठेही चुकली नाही. हात कापत होता, पण मोजमाप डोळ्यांत होतं.

भाजायला वारा नसलेली सकाळ निवडली. घागरीभोवती मोठी खापरं उभी केली, त्यांवर वाळलेल्या शेणी रचल्या. रचणं माझं काम. मध्येच आतून टक् आवाज आला. सेफेरिनाने मान वर केली नाही. आग विझून सगळं निवल्यावर पाहिलं, बाहेरचं एक खापर फुटलं होतं. तिने घागर बोटाच्या पेराने वाजवली. ती घंटेसारखी वाजली. मी तिच्यावर खड्डे शोधले. एकही नव्हता.

सणाला घरात माणसं जेवत होती. मिरचीच्या रश्श्याचं पातेलं दुसऱ्यांदा भरलं होतं. लोलिता मावशी दाराशी थांबल्या. घागर तिरकी करून त्यांनी बूडसुद्धा पाहिलं.

"ही रेष तुझ्या आईची नाही."

"नाही."

"मग कुणाकडून घेतलीस?"

सेफेरिनाने हनुवटीने मला दाखवलं. "याला विचारा. याने दळली."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, घागरीकडे बघितलं, आणि जेवायला बसल्या.

सणानंतर कुंचला धुऊन ठेवला गेला नाही. ऑक्टोबरमध्येच तिने दुसऱ्या घागरीची माती मागितली. मी आता दळायला बसण्याआधी प्रत्येक खापरी तिला नेऊन दाखवतो. साध्या राखाडी, रेष नसलेल्यासुद्धा.

"दळ रे बाबा," ती म्हणते.

मग मी दळतो.