फलश्रुती नसलेलं पुस्तक

शनिवारी दुपारी आमच्या मारुतीच्या देवळात, पोथीच्या चौरंगावर मी एक राजकारणाचं विनोदी पुस्तक ठेवलं… ठेवलं आणि मग भीती वाटली.

आमचं गाव तेलुगू मुलखात, बेल्याच्या बाजूला, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. श्रावणात दुपारी बायका देवळात जमतात, एकजण पोथी वाचतं, बाकीच्या मुठीत अक्षता धरून ऐकतात. आधी आमचे हे वाचायचे. हे गेले आणि चौरंग रिकामाच राहिला… आमची मुलं घरात मराठी बोलतात, पण शिकली तेलुगूत, पोथी त्यांना वाचता येत नाही.

मी शाळेत गेले नाही. आमच्या किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता रद्दीच्या कागदावर वाचायला शिकले. हे एकेक अक्षर दाखवायचे. अर्धी बातमी हातात यायची, उरलेली दुसऱ्याच्या डाळीसोबत जायची… त्यामुळे शेवटासकट मिळालेलं पुस्तक मला अजून चैनीचं वाटतं.

यंदा बायकांनी धरून बसवलं, म्हणून ह्यांच्या जागी बसले. पोथी शुक्रवारीच संपली, तरी शनिवारी सगळ्या सवयीनं आल्या. माझ्या पिशवीत भाचीनं यवतमाळहून आणलेलं ते पातळसं पुस्तक होतं. म्हटलं, यातलंच थोडं वाचू… आवडलं नाही तर पुढच्या श्रावणात मला कोणी त्या जागेवर बसू देणार नव्हतं, एवढं मला कळत होतं. आणि ती जागा मला आता सोडायची नव्हती.

गोष्ट एका बेटाची आहे. तिथं समुद्रावरून मोठमोठी चक्रीवादळं येतात. आम्ही कोणीच समुद्र पाहिलेला नाही, म्हणून मी सांगितलं, उन्हाळ्यात कापूस काढलेल्या पऱ्हाटीच्या रिकाम्या वावरात वावटळ फिरते ना, तशीच, पण अख्खा जिल्हा झाकेल एवढी. तिच्या मधोमध एक डोळा असतो. तिथं पान हलत नाही. लोकांना वाटतं संपलं… आणि मग वारा उलट्या बाजूनं येतो.

हे वाचताना मला आमचं घर आठवलं. ह्यांच्या तेराव्यानंतर पाहुणे गेले, त्या दुपारी आमच्या घरात तसंच शांत होतं. लेखकाला हे कुठून कळलं असेल…

पण माणूस मोठा खट्याळ. वादळ येतंय, आणि तिकडे मंत्री भांडतायत. वाऱ्याचं खातं म्हणतं हे ओलं आहे, पाण्याच्या खात्याचं. पाण्याचं खातं म्हणतं हे उडतंय, तुमचं. शेवटी मुख्यमंत्री नकाशा मागवतात आणि सीमाच सरकवतात, म्हणजे वादळ शेजारच्या राज्यात जाईल. गावोगाव पेढे वाटतात. एकाही ठिकाणी लेखक स्वतः हसत नाही, सरकारी कागदासारखं गंभीर लिहितो… हे फार अवघड काम आहे.

पुढं एका बाईचं छप्पर उडतं. साहेब तिला विचारतात, छप्पर पडलं कुठं? शेजारच्या हद्दीत? मग तिकडेच अर्ज करा.

एवढं वाचलं आणि मान वर केली. सगळ्या सरूआत्यांकडे बघत होत्या. मीही थांबले.

सरूआत्या म्हणजे आमच्या शेजारच्या, एकट्या राहतात. जिल्ह्याचे तुकडे होऊन नवे जिल्हे झाले, त्यानंतर ह्याच उन्हाळ्यात वादळानं त्यांच्या घरावरची टिनं उडाली आणि नाल्यापलीकडे, महाराष्ट्रातल्या एका वावरात जाऊन पडली. आमचं गाव नव्या मंडलात, म्हणजे तालुक्यात, टाकलेलं. नव्या टिनांसाठी अर्ज घेऊन गेल्या, तर जुन्या तहसीलात म्हणतात नव्याकडे जा, नव्यात म्हणतात तुमचे कागद अजून आले नाहीत, 'रेपु' या… म्हणजे उद्या. आत्या दमल्या आणि जायच्या बंद झाल्या. घरावर ताडपत्री, आणि कोणाशी बोलणंही कमी झालेलं.

"परत वाच," आत्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"ह्या मानसाले माह्ये टिनं कोनं सांगतले वं?"

शेजारची वनिता म्हणाली, "तुमीच सांगतले असन आत्या. साऱ्या गावाले तं सांगून राह्यल्या होत्या."

आधी आत्याच हसल्या. मग देऊळभर हसू झालं… मारुतीसमोर आम्ही इतक्या कधी हसलो नव्हतो.

थोडं म्हणता म्हणता अख्खं पुस्तक वाचून मिटलं, बायका उठायला लागल्या. आत्या बसूनच. मूठ तशीच बंद.

"फलश्रुती राह्यली ना."

पोथीच्या शेवटी, ऐकणाऱ्याला काय फळ मिळेल ते सांगितलेलं असतं. ते ऐकल्याशिवाय आमच्याकडे अक्षता वाहत नाहीत. मी म्हटलं, आत्या, ह्यात नसते.

"काऊन नसते? चौरंगावर ठेवलं ना तुनं? मंग आमी का फुकट बसलो?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं. शेवटचं पान उलटून पाहिलं, खरंच काही नव्हतं. हे असते तर काहीतरी रचून म्हणाले असते…

आत्यांनीच डोळे मिटले आणि पोथीच्या चालीवर हळूच म्हटलं, "जो हे आयकन, त्याले सायबाचं भेव वाटनार नाई." मूठ उघडली आणि अक्षता पुस्तकावर टाकल्या. मागून सगळ्यांनी टाकल्या.

"सोमवारी मी तहसीलात जातो," आत्या उठताना म्हणाल्या. "तू बी चाल. अन् पुढच्या श्रावनात असंच एखांदं आन."

आज आम्ही जाऊन आलो. टिनं अजून आली नाहीत. साहेबांनी विचारलं, छप्पर पडलं कुठं… आणि आत्या त्यांच्यासमोरच हसल्या, मग मीही. ह्यांच्यानंतर गावाबाहेर मी अशी पहिल्यांदाच हसले. साहेब गोंधळले आणि त्यांनी अर्ज ठेवून घेतला.

तुम्हाला पुरस्कार मिळाले असतील किंवा नसतील, लेखकमहाराज… पण तुमच्या पुस्तकावर आमच्या देवळात अक्षता पडल्यात. काही दाणे पानांत अडकलेत, ते मी काढणार नाही.